चाराचा आठ: सीमाभागातल्या एका हौशी नाट्यसंस्थेत पडद्यामागची माणसं टिकवण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहराच्या जुन्या भागातली ही हौशी नाट्यसंस्था. वर्षाला दोन मराठी नाटकं, प्रत्येकाचे दोन-तीन प्रयोग, जमलं तर खानापूर किंवा निपाणीकडे एखादा. संस्थेचं नाव, गल्ली आणि नाटकाचं शीर्षक मुद्दाम दिलेलं नाही. माणसांना त्यांच्या कामावरून ओळखावं.

अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे नाटकाचा अभिमान इथे घराघरात आहे आणि रंगमंचावर उभं राहायला माणसं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती विंगेत उभी राहणारी. २०१५ मध्ये ९५वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, तेव्हा मंडप, निवास, भोजन अशा कामांना धावलेल्या तरुणांपैकी काही जण या संस्थेत आले आणि राहिले. त्यानंतर पडद्यामागे नवी भरती अशी झालीच नाही. हळूहळू प्रत्येक काम एकेका माणसाच्या अंगावर कायमचं जाऊन बसलं.

प्रकाशयोजना म्हणजे ‘अण्णा’. वय साठीच्या पुढे, आयुष्य वायरिंगच्या कामात गेलेलं, मूळ गाव खानापूर तालुक्यात, तिथे थोडी भातशेती. ध्वनी एका बँक कर्मचाऱ्याकडे. रंगमंच व्यवस्थापन एका शिक्षिकेकडे. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. नेपथ्य लावायला जे येतील ते. चहापाणी, इस्त्री, प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू), पडदा ही कामं नव्या मुलामुलींकडे, आणि ती कामं कुणी कुणाला शिकवायची असतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ‘बघून बघून येतं’ अशी समजूत.

त्या शनिवारी काय झालं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. तिसरी घंटा साडेसहाला. त्याच सकाळी आभाळ भरून आलं. अण्णांचं भात कापून शेतात आडवं पडलेलं; पाऊस लागला तर वर्षाचं धान्य काळं पडणार. ते गावी गेले आणि जाताना क्यूची वही (कुठल्या क्षणी कुठला दिवा, किती) पीयूच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला शिकणाऱ्या एका मुलाच्या हातात देऊन गेले. हा मुलगा दोन तालमींना त्यांच्या शेजारी बसला होता. घरी मराठी, पहिलीपासून शिक्षण कन्नड माध्यमात. मराठी बोलतो अस्खलित, छापलेलं देवनागरी सावकाश वाचतो, हाताने लिहिलेलं अडखळत.

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश. संध्याकाळ, घरात दोनच माणसं, बोलणं थांबत थांबत. वहीत अण्णांनी लिहिलं होतं: ‘४ हळू, ६० पर्यंत’. चार नंबरवर खिडकीतून येणारा फिकट पिवळा उजेड होता. मुलाने आठ नंबरचा फेडर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर घेतला. आठवर दुसऱ्या अंकाच्या शेवटासाठी लावलेला लाल. शांत प्रवेशात सगळी भिंत तांबडी झाली. मुलाच्या लक्षात आलं, त्याने फेडर एका झटक्यात खाली आणला, आणि रंगमंच क्षणभर जवळजवळ काळोखात गेला. नटांनी सांभाळून घेतलं.

या चुकीचं कारण समजायला संस्थेला दोन आठवडे लागले. देवनागरी चार घाईने लिहिला आणि वरची तोंडं जवळ आली, की तो इंग्रजी आठासारखा दिसतो. देवनागरी एक तर इंग्रजी नऊचा सख्खा भाऊ. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं आकडे इंग्रजीच वापरतात; अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्चच्या उजेडात त्यांचे डोळे ओळखीचा आकडा शोधतात. मुलाने वहीत आठच ‘वाचला’ होता. त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणणं अन्याय आहे.

दुसरी गोष्ट पुढच्या प्रवेशात घडली. सकाळचं दृश्य, लाल सोडून बाकी आठही दिवे पूर्ण उजेडावर. सुमारे बारा मिनिटं झाली आणि रंगमंचावरचे आणि मेकअपरूममधले सगळे दिवे गेले. सभागृहातल्या कुणीतरी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) वर केला. तो पुन्हा पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. प्रयोग अकरा मिनिटं थांबला.

मेकअपरूममध्ये एका नव्या मुलीने मध्यंतराच्या चहासाठी विजेची किटली लावली होती, आणि शेजारच्या सॉकेटवर दुसऱ्या अंकाच्या साडीला इस्त्री चालू होती. कारण कळलं तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने सगळ्यांदेखत तिला सुनावलं, ‘किटली लावायच्या आधी विचारायचं की!’ ती काही बोलली नाही. प्रयोग संपेपर्यंत थांबली, कप धुतले आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. मुलगाही पुढच्या तालमीला फिरकला नाही.

विजेचं गणित

हा भाग सविस्तर द्यायला हवा, कारण असले प्रकार जुन्या सभागृहांत नेहमी घडतात आणि दर वेळी ‘लाईनला प्रॉब्लेम’ म्हणून विसरले जातात.

हॅलोजन दिवा १००० वॅटचा. २३० व्होल्टवर एक दिवा सुमारे ४.३५ अँपियर घेतो. आठ दिवे पूर्ण उजेडावर म्हणजे ३४.८ अँपियर. ते सगळे ३२ अँपियरच्या एकाच एमसीबीवर होते, म्हणजे मुळातच जास्त. पण एमसीबी थोडासा जादा भार तासभरही सोसतो, आणि तालमीत आठही दिवे इतका वेळ पूर्ण पेटतच नसत. त्यामुळे दोन वर्षं काही झालं नाही, आणि काही होत नाही याचाच अर्थ ‘बरोबर आहे’ असा घेतला गेला.

त्या दिवशी १५०० वॅटची किटली (६.५ अँपियर) आणि १००० वॅटची इस्त्री (४.३५ अँपियर) त्याच फेजवर (विजेच्या तीन लाइनींपैकी त्याच एकीवर), म्हणजे त्याच एमसीबीवर आली. एकूण ४५.६ अँपियर, म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ दीडपट. एवढ्या भाराला एमसीबी लगेच पडत नाही; आतली धातूची पट्टी तापून वाकायला काही मिनिटं ते तासाभरापर्यंत वेळ लागतो. पेटी बंद, दुपारपासून तापलेली, म्हणून बारा मिनिटांत पडला. किटली लावल्याबरोबर दिवे गेले असते तर कारण जागीच कळलं असतं. मध्ये वेळ गेल्याने कुणाला दोन गोष्टींचा संबंध लागला नाही.

आणि तो पुन्हा पुन्हा का पडला? एक, पट्टी अजून गरम होती आणि भार तेवढाच होता. दोन, फेडर सगळे वरच राहिलेले. हॅलोजनची तार थंड असताना तिचा विरोध गरम तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे पेटण्याच्या क्षणी कितीतरी पट प्रवाह ओढला जातो. काही मिनिटं विझलेले आठ दिवे एकदम पूर्ण उजेडावर चालू केले, तर एमसीबी त्या धक्क्यानेही पडतो. फेडर शून्यावर आणून, मेकअपरूमची दोन्ही उपकरणं काढून, दोनेक मिनिटं थांबून बटण वर केलं असतं, तर अकरा मिनिटांऐवजी चारात काम झालं असतं.

पर्याय

पहिली बैठक चार दिवसांनी झाली आणि तिचा अर्धा वेळ चूक कुणाची यात गेला. बाईंनी शेवटी विचारलं: अण्णा उद्याही नसतील तर काय? तिथून बोलणं वळलं. समोर चार वाटा होत्या.

प्रकाश आणि ध्वनी ठेकेदाराला द्यायचं, माणसांसकट. साधन चांगलं येतं, माणूस जाणकार असतो. पण तो एकाच तालमीला येतो, नाटक त्याला माहीत नसतं, आणि दोन प्रयोगांचं त्याचं बिल तिकीटविक्रीतून सुटत नव्हतं.

वर्षाला एकच नाटक करायचं. दोन ज्येष्ठांचा याकडे कल होता. थकलेल्या माणसांचा हा सल्ला होता आणि त्यांचा थकवा खरा होता. पण एका नाटकाचं वर्ष म्हणजे अकरा महिने कुणाची कुणाशी गाठ नाही, उरलेलेही पांगतात.

स्थानिक दैनिकात ‘स्वयंसेवक पाहिजेत’ म्हणून आवाहन. हे आधी एकदा करून झालं होतं. सतरा जण आले, चौदांना भूमिका हवी होती. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ‘नाटकासाठी पाहिजेत’ असं वाचलं की माणूस रंगमंचच डोळ्यांपुढे आणणार.

चौथी वाट: कामांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला दुसरा हात तयार करायचा, आणि माणसं जिथे आधीच असलं काम करतात तिथून आणायची. ठरलं ते हे, आणि पहिल्या पर्यायाचा एक हिस्सा: ठेकेदाराकडून तीन फेजची वाटप-पेटी आणि जाड केबल भाड्याने घ्यायची, माणूस नाही. निर्णयाची ही विभागणी आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट. पैसे सुरक्षिततेवर गेले, कौशल्य घरात राहिलं.

काय काय केलं

वीज. सभागृहाच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून एका दुपारी नकाशा काढला. पद्धत सोपी: एकेक एमसीबी खाली करायचा, एकाने टेस्ट-लॅम्प घेऊन प्रत्येक सॉकेटवर फिरायचं, कुठला मेला ते लिहायचं. तेव्हा कळलं की मेकअपरूम आणि डाव्या विंगेची सॉकेट एकाच फेजवर आहेत. आता नऊ दिवे तीन फेजवर चार, तीन आणि दोन असे वाटले जातात. सर्वांत जड फेजवर १७.४ अँपियर. नियम असा ठरला की ३२ अँपियरच्या एमसीबीवर २५ च्या वर जायचं नाही, म्हणजे जास्तीत जास्त पाच दिवे. वाटप-पेटीची जोडणी फक्त इलेक्ट्रिशियन करतो. स्वयंसेवकाने पेटीचं झाकण उघडायचं नाही, कितीही येत असलं तरी. मेकअपरूमच्या सॉकेटांना लाल पट्टी लावून वर ‘फक्त आरशाचे दिवे आणि मोबाईल’ असं मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलं. इस्त्री दुपारी चारच्या आत. चहा बाहेरून थर्मासमध्ये.

पेटीवर एक कार्ड चिकटवलं आहे. दिवे गेले तर: सगळे फेडर शून्यावर, जादा काय लागलंय ते काढा, दोन मिनिटं थांबा, एमसीबी वर, फेडर एकेक करून हळू. खाली आणखी एक ओळ: दुसऱ्यांदा पडला तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वही. सर्वांत नाजूक काम हे होतं. अण्णांची वही म्हणजे त्यांनी स्वतःसाठी लिहिलेली आठवण होती. ‘नेहमीसारखं’, ‘तिने पदर घेतला की’, ‘थोडं थांबून’. त्यांना ‘हे सगळं लिहून द्या’ म्हटलं असतं तर त्यांनी दिलं असतं, पण आपली जागा आता वही घेणार असं त्यांना वाटलं असतं. बाईंनी वेगळं केलं. त्या मुलाच्या घरी गेल्या, चुकीचं कारण त्याच्याकडूनच समजून घेतलं, त्याला परत आणलं, आणि अण्णांना म्हणाल्या, ‘अण्णा, हा चालवेल, तुम्ही नुसतं शेजारी हात बांधून बसा. तो जिथे अडेल तिथे वहीत काय कमी आहे ते कळेल.’ दोन रविवार असे गेले. मुलगा अडला की अण्णा सांगायचे आणि तिसरा माणूस लिहायचा. चाराचा आठ कसा झाला हेही पहिल्याच रविवारी अण्णांना दिसलं. त्यांनी आपलीच वही लांब धरून पाहिली आणि म्हणाले, ‘हा आठच दिसतोय की.’

नव्या वहीत एका ओळीला एक क्यू, पाच रकाने: क्यूचा क्रमांक, खूण, चॅनेल (दिव्याचा नंबर), उजेड शेकड्यात, किती सेकंदांत. आकडे सगळे इंग्रजी वळणाचे आणि छापलेले. चॅनेलला आकड्याबरोबर रंगाचा ठिपकाही, आणि तोच रंग फेडरखाली चिकटपट्टीवर. खूण मराठीत, खाली कन्नडमध्ये. ‘उजेड’ आणि ‘काळोख’ या दोन शब्दांऐवजी नुसतं पांढरं आणि काळं वर्तुळ, कारण ‘बेळकु’ की ‘उजेड’ या वादात पडायचं कारणच नाही.

मोजल्यावर सत्तरच्या आसपास क्यूंपैकी तेवीस शब्दांवर अवलंबून निघाले. हौशी नट वाक्य गाळतो, पुढचं आधी म्हणतो. म्हणून जिथे जमेल तिथे शब्दाची खूण काढून हालचालीची घातली: ग्लास टेबलावर ठेवला, दार लावलं, खुर्चीवरून उठली. हालचाल सहसा चुकत नाही, आणि भाषेत कच्चा असलेल्यालाही ती दिसते.

क्यू सोडायचा अधिकार एकट्या बाईंचा. ‘बारा, तयार’, मग गप्प, मग ‘बारा, सोड’. ‘सोड’ हा शब्द दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी विंगेत उच्चारायचा नाही. मोबाईलवर कॉल लावून ठेवण्याचा प्रयोग पहिल्याच तालमीत फसला. आवाज अर्धा-एक सेकंद मागे पडतो आणि मध्येच कॉल तुटतो. त्याऐवजी बॅटरीवर चालणारे दोन छोटे दिवे बाईंच्या टेबलापासून प्रकाशाच्या टेबलापर्यंत ओढले: तांबडा लागला म्हणजे तयार, हिरवा लागला म्हणजे सोड.

प्रॉपर्टीचं टेबल. दिसायला किरकोळ, पण फरक इथे सर्वांत लवकर दिसला. पूर्वी वस्तू एका खोक्यात असत आणि ‘चष्मा कुठाय?’ हा प्रश्न दर प्रयोगाला विंगेतून ऐकू येई. आता दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर पांढरा कागद, आणि प्रत्येक वस्तू ठेवून पेनाने तिची बाह्यरेषा काढलेली: चष्मा, औषधाची बाटली, किल्ल्यांचा जुडगा, फोडलेलं पाकीट, न फोडलेलं पाकीट. वस्तू उचलली की खाली तिचा आकार उघडा पडतो. तिसऱ्या घंटेआधी पाच मिनिटं टेबलावर एकही मोकळा आकार दिसता कामा नये. हे काम करणाऱ्याला नाटक पाठ असावं लागत नाही, मराठी वाचताही यावं लागत नाही. नट वस्तू घेऊन आत गेला की परत आल्यावर ती त्याच आकारावर ठेवायची, ग्रीनरूममध्ये न्यायची नाही, हे मात्र नटांना सांगावं लागलं, आणि ते स्वयंसेवकांना शिकवण्यापेक्षा अवघड गेलं.

कामाच्या चिठ्ठ्या. अकरा कामं, अकरा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर काम कधी सुरू, कधी संपलं, कुणाला सांगायचं, आणि दुसरा हात कोण. पडद्याच्या चिठ्ठीवर: ‘पाच वाजता दोन वेळा पूर्ण उघडून-मिटून बघ. दोर अडकतो तो डाव्या कप्पीजवळ. पडदा मिटायला नऊ सेकंद. शेवटचा पडदा पडला आणि नट अभिवादन करून गेले की तुझं काम संपलं.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. पूर्वी नव्या माणसाचं काम कधीच संपत नसे; पडदा ओढून झाला की सेट उतरव, मग टेम्पो भर, मग राहिलेल्या खुर्च्या. ‘थोडा वेळ ये’ म्हणून बोलावलेला मुलगा रात्री साडेबाराला घरी जाई. आता सेट उतरवायची वेगळी तुकडी, तीही आधी नावं घेऊन. शिडीवर माणूस असेल तर खाली एक जण शिडी धरून उभा, त्याला दुसरं काम नाही. हॅलोजनची नळी उघड्या बोटांनी धरायची नाही, बोटाचं तेल लागलं की तिथे तापून काच फुगते. हे चिठ्ठीच्या मागे लिहिलं आहे.

माणसं कुठून आणली

बेळगावात वैशाखात तिथीनुसार शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. त्यातले सजीव देखावे करणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. ट्रॉलीवर प्लायचा किल्ला उभा करणं, जनरेटरवरून दिवे, रंगभूषा, ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवणं हे सगळं त्यांना येतं, आणि कुणी नाव घेतलं नाही तरी ती रात्र रात्र जागतात. हौशी संस्था वर्षानुवर्षं यांना प्रेक्षकही मानत नव्हत्या. संस्थेचे दोघे तीन गल्ल्यांत जाऊन बसले आणि ‘नाटकात काम करणार का’ असं न विचारता, ‘आठ फुटी फ्लॅट (नेपथ्याची उभी भिंत) मागून कसा टेकवायचा, या जरा दाखवा’ असं म्हणाले. सहा जण आले. फ्लॅटच्या ब्रेसवर, म्हणजे मागच्या टेकूवर, वाळूच्या पिशव्या ठेवण्याची पद्धत त्यांनीच आणली. पूर्वी फ्लॅट खिळ्यांनी रंगमंचाच्या फळ्यांना ठोकत आणि त्यावरून सभागृहाशी दर वेळी कुरबूर होई.

त्यांना शिकवावी लागली ती शांतता. चित्ररथावर जितका आवाज तितकं चांगलं. विंगेत खाकरलेलंही पहिल्या रांगेला ऐकू येतं. विंगेत चप्पल नाही, किल्ल्या खिशात नाहीत, मोबाईल फ्लाइट मोडवर, कपडे काळे किंवा गडद निळे. एका तालमीत बाईंनी सहाही जणांना प्रेक्षागृहात बसवलं आणि नटांना विंगेत हळू आवाजात गप्पा मारायला सांगितलं. ‘एवढं ऐकू येतंय?’ म्हणून मुलंच चकित झाली. परत सांगावं लागलं नाही.

वेळ आणि गाड्या

तालमी पूर्वी आठला सुरू होऊन साडेदहापर्यंत चालत. खेड्यातून येणाऱ्यांची वस्तीची गाडी त्याआधीच निघून जाई, म्हणून मुली येतच नसत. आता सव्वासहा ते साडेआठ. प्रत्येकाच्या नावापुढे शेवटच्या गाडीची वेळ लिहिलेली आहे आणि बाई त्या क्रमाने माणसं सोडतात. प्रवेश अर्धा राहिला तरी राहू देतात. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमधून प्रवास मोफत झाला, त्यामुळे तालमीला येण्याचा मुलींचा खर्च गेला. मुलांचा राहिला, आणि शिनोळीपलीकडून, चंदगड तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीचाही राहिला, कारण तिचा पत्ता महाराष्ट्रातला. सगळ्यांना सारखा भत्ता द्यायचा की ज्याला तिकीट पडतं त्यालाच? बरीच चर्चा होऊन तिकीट दाखवेल त्याला तेवढे पैसे असं ठरलं. हे पैसे तालमीच्या शेवटी त्याच दिवशी दिले जातात. ‘हिशेब नंतर बघू’ म्हटलं की विद्यार्थी मागत नाही, येणं मात्र बंद करतो.

प्रयोगांच्या तारखाही बदलल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी आणि मळणी. १ नोव्हेंबरला इकडे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस, शहरात बंदोबस्त. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलिस तिकडे आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लांबते. मार्चमध्ये परीक्षा. भाद्रपदात सगळी मुलं गणपतीच्या मंडळात. उरतो जानेवारीचा शेवट आणि शिवजयंतीनंतरचा मे. संस्था नोव्हेंबरचा प्रयोग कित्येक वर्षं करत होती, फक्त सवयीने.

काय निष्पन्न झालं

जानेवारीच्या प्रयोगात दिवे एकदाही गेले नाहीत. दोन क्यू चुकले. त्यांतला एक, पायात येऊन हिरव्या दिव्याची वायर सुटली म्हणून. त्यानंतर वायर जमिनीवर पूर्ण लांबीला चिकटपट्टीने बसवतात आणि पर्याय म्हणून हाताची खूण ठरलेली आहे. फेडरवर तोच मुलगा होता. अण्णा पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले. मध्यंतरात उठून पेटीला हात लावून ती तापली आहे का ते पाहून आले, आणि परत जाऊन बसले.

चित्ररथाच्या सहांपैकी चार टिकले. एक नोकरीसाठी पुण्याला गेला, एकाला भूमिका हवी झाली आणि ती मिळाली. एकूण अकरा कामांना आज सतरा माणसं आहेत. सहा कामांना दुसरा हात तयार आहे, पाचांना नाही.

पुन्हा करायचं तर

किटली लावणारी मुलगी परत आली नाही. मुलाकडे बाई दहा दिवसांत गेल्या. तिला मात्र पाच आठवड्यांनी मोबाईलवर संदेश गेला, तोही ‘झालं गेलं विसरून जा’ अशा शब्दांत. चूक सॉकेटवर लिहिलेलं नसण्याची होती, तिची नव्हती, हे ज्याने सुनावलं त्यानेच दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. समितीने हे मान्य केलं आहे. ते ज्येष्ठ सभासद अजून गेलेले नाहीत.

सॉकेटचा नकाशा ही दुपारभराची गोष्ट होती. सभागृह नक्की झाल्या दिवशी ती व्हायला हवी, प्रयोग बिघडल्यावर नाही. खानापूर किंवा निपाणीला प्रयोग असेल तर तिथेही आधी एक माणूस टेस्ट-लॅम्प घेऊन जावा. तिथली पेटी कशी आहे हे टेम्पो पोचल्यावर कळून उपयोग नाही.

कन्नड बोलणाऱ्या दोन मुली जानेवारीत आपणहून आल्या होत्या. त्यांना तिकीट तपासणीला उभं केलं, कारण आत मराठी लागेल असं वाटलं. प्रॉपर्टीच्या टेबलाला एक अक्षर वाचावं लागत नाही हे तेव्हा समोर दिसत असूनही कुणाला सुचलं नाही. मेच्या प्रयोगासाठी त्यांना पुन्हा विचारलं आहे, या वेळी डाव्या विंगेच्या टेबलासाठी.

ध्वनीची वही अजून नाही. बँक कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये फाईल्स आहेत, नावं ‘नवीन १’, ‘नवीन २ फायनल’ अशी, आणि कुठली कुठे वाजते ते त्यांनाच माहीत. त्यांची बदली जूनमध्ये होण्याची शक्यता आहे. पुढचे दोन रविवार त्यासाठी राखून ठेवले आहेत. शेजारी हात बांधून कोण बसणार आणि फेडरवर कोण, हे ठरायचं आहे.